कांदोळीचं जहाज

मांडवीच्या मुखाशी पोर्तुगिजांनी १६१२ साली आग्वादचा किल्ला बांधला. नावातच पाणी आहे: इथल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर लांबून आलेली जहाजं आपली पिंपं भरून घेत. किल्ल्याच्या उत्तरेला शिकेरी, आणि पुढे कांदोळीची वाळू. जहाजांच्या या जुन्या थांब्याजवळ ६ जून २००० रोजी एक जहाज थांबलं, ते बारा वर्षं हललं नाही.

'रिव्हर प्रिन्सेस' हे लोहखनिजाच्या व्यापारातलं, सुमारे २४० मीटर लांबीचं जहाज. गोव्याच्या खाणींतलं खनिज बार्जेसमधून मांडवी-जुवारीने खाली येई आणि मोठ्या जहाजांत चढे. जून लागला की मांडवीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, समुद्र खवळतो. अशाच वादळी हवेत ते किनाऱ्याला लागलं.

वाळूत बसलेलं जहाज फार काळ तरंगण्याजोगं राहत नाही. प्रत्येक लाट तळाखालची वाळू उपसते, बाजूंना नवी आणून टाकते आणि सांगाडा खोल जातो. सुरुवातीला ओढून काढता आलं असतं, ते पुढे कापूनच काढावं लागतं; जितका उशीर, तितका खर्च. इथे मालकी आणि जबाबदारीचा वाद चालू राहिला. गोवा सरकारने २००१ मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याच्या आधारे जहाज ताब्यात घेतलं. ठेके दिले गेले, फिसकटले, पुन्हा दिले गेले. वाळू मात्र निविदेसाठी थांबली नाही.

किंमत किनाऱ्याने मोजली. किनाऱ्याला समांतर पडलेला एवढा मोठा सांगाडा लाटा अडवतो. त्याच्या आडोशाला वाळू साठते आणि शेजारचा किनारा खचतो. कांदोळी-शिकेरीचे रहिवासी हेच सांगत होते. पर्यटक मात्र त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. अखेर २०१२च्या सुमारास तुकडे करून ते हलवण्यात आलं.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि तेही वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. वीस वर्षांनी, तोच जून, तोच प्रश्न. मोडकं जहाज कुणाचं, हे ठरेपर्यंत ते त्या गावाचं असतं.