खडक्याचे पाणी

परभणी जिल्ह्यातील खडका बंधाऱ्यात अडविलेले गोदावरीचे पाणी शेजारच्या परळी औष्णिक विद्युत केंद्रात वाफ निववी आणि शीतमनोऱ्यांत पुनः थंड होई. परंतु प्रत्येक फेऱ्यात त्याचा काही अंश बाष्परूपाने आकाशात जात असल्यामुळे नव्या पाण्याची तजवीज अपरिहार्य होती, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळाने बंधारा आटताच सारे केंद्र बंद पडले. जुलै २०१५ मध्ये तीच आपत्ती पुनः ओढवली.

संगणकासाठी प्रथमच जलशीतन योजणाऱ्या तरुणाने हा इतिहास ध्यानी घ्यावा. त्याच्या बंदिस्त फेऱ्यात पाणी फारसे उडत नाही खरे, पण म्हणूनच बाष्पीभवनाचा लाभही नाही; सारी उष्णता खोलीच्या हवेतच सोडावी लागते, आणि परभणीच्या वैशाखात ती हवाच मुळी तापलेली असते. यास्तव रेडिएटर ऐसपैस घ्यावा.