अटकेपासून कोपरगावापर्यंत

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पुढे नाशिकजवळच्या आनंदवल्लीवरून व कोपरगावावरून वाहत जाते. या दोन गावांशी रघुनाथराव पेशव्यांच्या आयुष्याची शोकांतिका निगडित आहे.

1758 साली त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत पोहोचल्या. एवढ्या यशावर कोणीही कृतार्थ झाला असता. परंतु 1761 मध्ये बंधू नानासाहेब निवर्तले आणि पेशवाईची वस्त्रे तरुण पुतण्याला, माधवरावांना मिळाली. हे शल्य दादासाहेबांच्या अंतःकरणातून कधीच निघाले नाही. 1768 मध्ये धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. त्याच वाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दादासाहेबांच्या माथी ठेवला.

आनंदवल्लीचे नाव त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्याशी जोडले जाते. ‘ध’चा ‘मा’ त्यांनीच केला, ही आख्यायिका सर्वश्रुत असली तरी निर्विवाद पुराव्याने सिद्ध झालेली नाही. सगळा दोष स्त्रीच्या पदरी बांधणे इतिहासाला सोपे जाते. मात्र पतीच्या ठायी त्यांनी सदैव अटकेचा विजेताच पाहिला असावा, असे वाटते. प्रेम माणसावर न जडता त्याच्या प्रतिमेवर जडले, की ते त्याला आवरत नाही, भरीस घालते.

याचे मोल राज्याला मोजावे लागले. 1739 साली काका चिमाजी अप्पांनी रक्त सांडून वसई जिंकली होती. तीच वसई व साष्टी 1775 च्या सुरतेच्या तहाने पुतण्याने इंग्रजांना देऊ केली. पुढील युद्धानंतर 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. दादासाहेबांच्या वाट्याला दरमहा 25,000 रुपयांचे वेतन आले. 1783 च्या डिसेंबरात कोपरगावी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी 1802 साली वसईलाच इंग्रजांशी तह केला व 1818 मध्ये पेशवाई संपली.

नानासाहेबांनी 1755 मध्ये आरंभिलेले त्र्यंबकेश्वराचे मंदिर 1786 मध्ये पूर्ण झाले. पाया घालणाऱ्याने कळस पाहिला नाही, तरीही काम तडीस गेले. दादासाहेबांना मात्र आपल्या हयातीत, आपल्याच मस्तकी कळस हवा होता. वाचकहो, आपली घरे, आपल्या संस्था यांतही ही हाव शिरते. ती वेळीच ओळखणे आपल्याच हाती आहे.