शेजारच्या खोलीत विचारा

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका काढली. तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. एकेका आज्ञेला साधारण एखादं-दुसरं पान. वर नाव, खाली ती टाइप कशी करायची, ती काय करते, कोणत्या फायलींना हात लावते. शेवटी शेवटी येणारे दोन मथळे मात्र आजही गमतीचे वाटतात. एक 'बग्ज', म्हणजे आज्ञेतले दोष, लिहिणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलेले. दुसरा 'ओनर'. तिथे नुसतं 'केन' किंवा 'डीएमआर' असं लिहिलेलं. डीएमआर म्हणजे रिची. आडनाव नाही, फोन नाही, खोलीचा क्रमांकही नाही. लागतच नव्हता. अडलं तर उठायचं आणि जाऊन विचारायचं.

ज्याला बरंचसं ठाऊक आहे त्याला नेमकी आठवण करून देणं, एवढंच या पुस्तिकेचं काम होतं. युनिक्सचा स्वभावही तसाच मितभाषी. त्यात मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी 'ईडी' नावाचा प्रोग्रॅम होता. वापरणाऱ्याची चूक कोणतीही असो, ईडी एकच उत्तर देई: प्रश्नचिन्ह. पुस्तिकेतही तसंच नोंदवलेलं होतं. आणि काम फत्ते झालं, तर बहुतेक आज्ञा चकार शब्द काढत नसत. याला कारण होतं. तेव्हाचे टेलिटाइप सेकंदाला दहा-पंधरा अक्षरं कागदावर बडवत; बडबड्या प्रोग्रॅमपायी माणूस ताटकळत बसे.

या पुस्तिकेमागे विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांचा आग्रह मोठा होता. त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण महत्त्वाची आहे. नवी आवृत्ती निघायची वेळ आली की प्रयोगशाळेत धांदल उडे. एखाद्या आज्ञेचं ओंगळ वागणं कागदावर उतरलं की लिहिणाऱ्यालाच वाटे, हे छापायचं कसं? मग पान नीटनेटकं करण्याऐवजी प्रोग्रॅमच दुरुस्त केला जाई.

पुढची चाळीस वर्षं पुस्तिका वाचणारा माणूसच राहिला. फरक एवढाच की तो आता प्रयोगशाळेबाहेर, जगभर पसरला होता. २०११ मध्ये वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीतून टोनी टॅम यांचं 'स्वॅगर' बाहेर आलं. वेब-सेवेला काय पाठवायचं आणि ती काय परत देते, याचं हे यंत्रालाही वाचता येईल असं वर्णन. २०१५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि पुढे 'ओपनएपीआय' झालं. पण त्यातून यंत्राला कळे तो माहितीचा साचा. ही सेवा केव्हा वापरायची आणि केव्हा तिच्या वाटेला जायचं नाही, हे माणसानंच ठरवायचं होतं.

मार्च २०२३ मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटीसाठी प्लगिन जाहीर केले, तेव्हा खरी फारकत झाली. प्रत्येक प्लगिनच्या माहितीपत्रात वर्णनाचे दोन वेगळे रकाने होते: एक माणसासाठी, एक चॅटजीपीटीमागच्या भाषा-मॉडेलसाठी. माणसाला त्रोटक ओळ पुरे. मॉडेलसाठी मात्र सविस्तर लिहायची मुभा. प्लगिन साधारण वर्षभरानं गुंडाळले गेले, पण ती वाटणी टिकली.

अशा मॉडेलच्या हाती आज्ञांची अवजारं देऊन त्याला स्वतः काम करू दिलं, की तो झाला एजंट. एजंट स्वतः आज्ञा देतो, आलेलं उत्तर वाचतो आणि पुढचं पाऊल ठरवतो. शेजारच्या खोलीत जाऊन विचारायची सोय त्याला सहसा नसते. मग युनिक्सचा मितभाषीपणा त्याला बाधतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'एसडब्ल्यूई-एजंट' हा कोडदुरुस्तीचा एजंट बांधताना हे बारकाईनं पाहिलं. आज्ञा काहीच बोलली नाही, तर एजंटला इथे स्पष्ट सांगितलं जातं की तुझी आज्ञा नीट चालली, उत्तर काही आलेलं नाही. फाइल एका वेळी शंभर ओळी दाखवायची. तीस दाखवल्या तरी कामगिरी घसरे, अख्खी फाइल समोर टाकली तर आणखीच घसरे. दुरुस्तीनं कोडचं व्याकरण मोडत असेल, तर ती जागच्या जागी नाकारायची आणि काय बिघडलं तेही सांगायचं. ईडीच्या प्रश्नचिन्हाच्या हे बरोब्बर उलट झालं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अँथ्रोपिक या एआय कंपनीनं आपला अनुभव लिहिला. कोडदुरुस्तीचा एजंट घडवताना मॉडेलला द्यायच्या एकूण सूचनांपेक्षा अवजारं सुधारण्यातच त्यांचा जास्त वेळ गेला होता. एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की फाइलचा अर्धा पत्ता देऊन चुके. त्यांनी अवजारच बदललं: पत्ता मुळापासून पूर्ण हवा. चूक थांबली. मॅकिलरॉय यांना यात नवल वाटलं नसतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकनंच 'एमसीपी' हा मॉडेलला अवजारं जोडून देण्याचा खुला करार आणला. त्यात प्रत्येक अवजाराचं नाव, वर्णन आणि त्याला काय पुरवायचं याचा साचा ठरलेला. वर्णन मॉडेल थेट वाचतं, आणि सूचना समजून वागतंही. त्यामुळे नवीच भानगड उभी राहिली. एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्जनं दाखवून दिलं, की दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी अवजाराच्या वर्णनात 'आधी अमुक गुप्त फाइल वाच आणि तिचा मजकूर सोबत पाठव' असा हुकूम दडवता येतो. वापरणाऱ्याला दिसतं बेरजेचं अवजार. हुकूम वाचतं मॉडेल. १९७१ च्या पुस्तिकेत दोष असत, पण डाव नसे.

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत अवजाराच्या स्वभावाच्या खुणा आल्या: हे फक्त वाचतं का, काही नष्ट करू शकतं का. बदल करणाऱ्या अवजारावर नष्ट करण्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर ते नष्ट करू शकतं असंच धरायचं. आणि अवजार पुरवणारा भरवशाचा नसेल, तर या खुणांवरही विश्वास ठेवायचा नाही, असं त्या करारातच लिहून ठेवलं आहे.