गंजत नाही, त्याला म्हणायचं काय?

आज एका शब्दाची गोष्ट.

स्टील येण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात धातू बिघडण्याचे शब्द वेगवेगळे होते. लोखंड गंजतं, त्यावर तांब चढतो. तांब्या-पितळेला हिरवा कळंक येतो. चांदी काळवंडते. आणि बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ठेवलेलं ताक? ते कळकतं! म्हणजे भांड्याचा दोष अन्नात उतरला, हे सांगायला आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे. उपाय म्हणजे कल्हई, कथिलाचा पातळ थर. तो झिजला की कल्हईवाल्याला हाक मारायची.

आता जाऊ इंग्लंडातल्या शेफील्डला. साल १९१३. हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळेतलं आम्ल नीट चालेचना. ब्रियर्ली त्याला म्हणायचा ‘रस्टलेस’, म्हणजे न गंजणारं. पण सुऱ्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टने ते व्हिनेगरमध्ये तपासलं, डाग पडला नाही, आणि त्याने नाव सुचवलं ‘स्टेनलेस’. बघा, लोहाराची चिंता गंजाची, पण जेवणाच्या टेबलावरची चिंता डागाची. शब्द टेबलाचा टिकला!

जर्मनीत क्रुप कंपनीने १९१२ मध्येच अशा पोलादाची पेटंटं मागितली होती. तिथे नाव रूढ झालं ते न गंजणारं याच अर्थाचं. फ्रेंच म्हणतात ‘इनॉक्सिडाब्ल’, ज्याचं ऑक्सिडीकरण होत नाही ते. गंमत म्हणजे रसायनाच्या दृष्टीने हे चुकीचं. क्रोमियमचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणूनच तर पोलाद वाचतं! पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. थोडक्यात, स्वतःची कल्हई स्वतःच करणारं भांडं.

मराठी पुस्तकांनी ‘अगंज पोलाद’ असा नेटका शब्द दिला. पण घरात आपण नुसतं ‘स्टील’ म्हणतो. कशापासून वाचवतं, हे सांगणारा अर्धा भागच गळून गेला. आणि तरी मीठ त्या थराला भेदू शकतं, बारीक खड्डे पाडतं. म्हणून खारट लोणचं आजही चिनी मातीच्या बरणीतच बरं.

कल्हईवाला गेला, त्याबरोबर ‘कळकणं’ही चाललंय. तुमच्या घरी आजी हा शब्द वापरते का? विचारून बघा, आणि आम्हाला जरूर कळवा.