भित्तिचित्रांचे वाचन : अजिंठा आणि बोनाम्पाक

अजिंठ्याच्या चित्रांतील रेषा, रंग व लावण्य यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु ही चित्रे वाचावयाची कशी, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. भाषेच्या अभ्यासकास तो टाळता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या लेण्यात परदेशी पोशाखातील पुरुषांचे एक दरबारदृश्य आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याकडे इराणच्या दुसऱ्या खुस्रोने पाठविलेल्या वकिलातीचे ते चित्र होय, असे जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये प्रतिपादिले आणि हा अर्थ दीर्घकाळ रूढ राहिला. परंतु पुलकेशी गादीवर आला तो सुमारे ६१० मध्ये. आणि हे लेणे वाकाटक हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, असे वॉल्टर स्पिंक यांनी साधार मांडले. दृश्याचा संबंधही आता महासुदर्शन राजाच्या कथेशी जोडला जातो. राजा आणि परदेशी माणसे दिसताच राजकीय घटना शोधू लागणे, हा दोष चित्रकाराचा नव्हे, पाहणाऱ्याचा होता.

याउलट, सतराव्या लेण्यात शिबी राजाच्या चित्रावर त्याचे नावच रंगविलेले आहे. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादीच्या कथाचित्राबरोबर आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील संस्कृत श्लोक असून, ते हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०२ मध्ये ओळखले. येथे तर्काला फारसा वाव उरत नाही.

तथापि अक्षर नेहमीच आधी हाती येते असे नाही. मेक्सिकोतील बोनाम्पाक येथील माया लोकांची भित्तिचित्रे सुमारे ७९० मधील आहेत. १९४६ मध्ये जाइल्स हीली यांच्या छायाचित्रांमुळे ती अभ्यासकांपुढे आली. माया म्हणजे शांतताप्रिय ज्योतिर्विदांचा समाज, ही तेव्हाची प्रबळ समजूत. पण तेथील एका दालनात तुंबळ लढाई आणि रक्तबंबाळ बंदी होते. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांच्या लेखाने माया लिपीच्या उलगड्यास दिशा मिळाली, आणि पुढे कोरीव लेखांतूनही युद्धांचे व बंदिवानांचे उल्लेख वाचले गेले.

अजिंठ्यास अक्षराने चित्राचा अर्थ निश्चित केला; बोनाम्पाक येथे चित्राने अक्षराच्या आधी साक्ष दिली. यास्तव कलेचा इतिहास आणि लिपिशास्त्र यांचे अध्ययन वेगळे ठेवणे परवडणारे नाही. रंगविलेल्या अक्षरास कोरलेल्या अक्षराचे आयुष्य नसते. अजिंठा आपल्या मराठवाड्यातच आहे. तेथील पुसट होत चाललेली अक्षरे वाचण्याइतकी ब्राह्मी, संस्कृत व प्राकृत येथील विद्यार्थ्यांनी आत्मसात करावी, हे आपल्या विभागांचे पहिले कर्तव्य होय.