बारमाही शाळा

बारमाही शाळा : उन्हाळ्याची एकसलग दीर्घ सुटी न देता अध्यापनाचे व सुटीचे दिवस वर्षभरात लहान तुकड्यांनी वाटून देणारी, किंवा सुटी जवळजवळ न घेताच चालणारी शाळा. या नावाखाली तीन निरनिराळ्या व्यवस्था मोडतात आणि त्यांची गल्लत होत असल्यामुळे या विषयावरील वाद पुष्कळदा भरकटतो. एका व्यवस्थेत कामाचे एकूण दिवस पूर्वीइतकेच राहून केवळ सुट्या विभागल्या जातात. दुसरीत विद्यार्थ्यांचे गट पाडून ते आळीपाळीने सुटीवर जातात, त्यामुळे इमारत कधीच रिकामी राहत नाही. तिसरीत मात्र शाळेचे दिवसच वाढतात. पहिल्या दोन व्यवस्थांची जन्मभूमी अमेरिका आहे. तिसरीची ठळक उदाहरणे महाराष्ट्रात सापडतात.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील व्हॅली व्ह्यू या शालेय जिल्ह्याने १९७० मध्ये ‘४५-१५’ ही पद्धत अंगीकारली. तीत ४५ दिवस शाळा व १५ दिवस सुटी असे चक्र वर्षातून चार वेळा फिरते आणि अध्यापनाचे १८० दिवस भरतात. विद्यार्थ्यांचे चार गट केल्याने एका वेळी तीनच गट शाळेत असत, म्हणजे तेवढ्याच खोल्यांत एक तृतीयांश विद्यार्थी अधिक मावत. या पद्धतीचा हेतू मुळात जागेची टंचाई निवारण्याचा होता, शिक्षणाचा दर्जा वाढवण्याचा नव्हता, ही गोष्ट तिच्या पुरस्कर्त्यांच्या बोलण्यात सहसा येत नाही. लॉस एंजेलिस शहरातील एका प्रकारात तर वर्षाला १६३ दिवसच शाळा भरे आणि उरलेली तूट रोजचे तास वाढवून भरून काढली जाई. नव्या इमारती उभ्या राहिल्यावर २०१२ मध्ये तो प्रकार बंद झाला. भारतात याच अडचणीवर सकाळ व दुपार अशा दोन सत्रांत शाळा भरवण्याचा तोडगा निघाला, आणि जळगावसारख्या शहरांत तो इतका अंगवळणी पडला आहे की त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही.

दीर्घ सुटीविरुद्धचा मुख्य आक्षेप विस्मरणाचा आहे. हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन असे दाखवले, की उन्हाळ्याच्या सुटीनंतर विद्यार्थ्यांची गुणपातळी सरासरीने सुमारे एका महिन्याच्या अध्यापनाइतकी खाली येते. ही घसरण वाचनापेक्षा गणितात अधिक असते आणि वाचनाच्या बाबतीत गरीब घरांतील मुलांना तिची झळ जास्त बसते. सुटी तुकड्यांनी दिल्यास ही गळती थांबेल, हा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात कूपर यांच्याच २००३ मधील आढाव्यात सुट्या विभागून झालेला लाभ अगदी अल्प निघाला, आणि उत्तर कॅरोलायनातील वेक काउंटीच्या शाळांविषयीच्या २०१२ मधील अभ्यासात सरासरी विद्यार्थ्याला लक्षणीय फायदा दिसला नाही. दोन महिन्यांत एकदम विसरले जाणारे चार वेळा थोडेथोडे विसरले जाते, एवढाच काय तो फरक. सुटी कोठे पडते यापेक्षा एकूण किती दिवस नीट शिकवले गेले, याचा परिणाम मोठा असतो.

महाराष्ट्रात दिवसांचा हिशेब नियमांनी बांधलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन व्हावे लागते. माध्यमिक शाळा संहितेनुसार रविवार सोडून सर्व सुट्या मिळून वर्षात ७६ पेक्षा अधिक होऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० असावेत, असा दंडक आहे. या ७६ दिवसांतूनच दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी, सणवार आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातील मोजक्या सुट्या भागवाव्या लागतात. जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. शाळा नुकत्याच सुरू होऊन रुळत असताना येणारा हा दिवस पुस्तकी वेळापत्रकात कोणताही असो, पिंप्राळ्यातील मुलांच्या लेखी तो रथाचाच असतो. बारमाही वेळापत्रक आखणाऱ्याला असे दिवस आधी मोजून ठेवावे लागतात.

खानदेशात मे महिन्याची सुटी हवामानानेच लादलेली आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पत्र्याच्या वर्गखोल्या दहा वाजताच तापू लागतात, आणि म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरवण्याची वहिवाट पडली आहे. ‘४५-१५’ची पद्धत येथे जशीच्या तशी आणली, तर एप्रिल-मे-जूनच्या तेरा आठवड्यांपैकी सुमारे नऊ शाळेचेच राहतील. करोनाकाळातील नुकसान भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये एप्रिलअखेरपर्यंत पूर्णवेळ शाळा भरवण्याचा आदेश निघाला तेव्हा, आणि २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या तेव्हाही, शिक्षक व पालकांचा मुख्य आक्षेप उन्हाचाच होता. पंखे, पिण्याचे पाणी आणि झाकलेले छत यांवर आधी खर्च केल्याशिवाय खानदेशात बारमाही शाळेचा विचार करणे व्यर्थ आहे.

तरीही याच प्रदेशातील काही मुलांना मे महिन्यातील वर्गांची सर्वांत अधिक गरज असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी चाळीसगाव तालुक्यातून व धुळे-नंदुरबार जिल्ह्यांतून ऊसतोडीला बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर, तर काही दक्षिण गुजरातेत जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांचे जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र बुडते, आणि ती गावी येतात तेव्हा शाळा परीक्षेत गुंतलेली असते किंवा तिला कुलूप लागलेले असते. मुलांनी मागेच, आजी-आजोबांकडे राहावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहाची योजना आखली आहे; पण जी मुले गेलीच, त्यांची उजळणी घेण्यासाठी एकसलग मोकळा काळ उन्हाळ्याखेरीज दुसरा नसतो. कापूस वेचणीचेही असेच आहे. दसऱ्यानंतर बोंडे फुटली की घरातील हाताशी असलेले मूल शेतात ओढले जाते, आणि दिवाळीच्या सुटीचे दोन-अडीच आठवडे त्या कामाला पुरत नाहीत. विभागलेल्या सुट्यांचा तुकडा ऐन वेचणीत पडला, तर हजेरीपटावरील गैरहजेरी कमी दिसेल. मूल मात्र शेतातच असेल, आणि सुटीच्या नावाने बालमजुरीला आपसूक मान्यता मिळेल.

वर्षाच्या सुरुवातीचा प्रश्नही याला जोडलेला आहे. केंद्रीय मंडळाच्या धर्तीवर १ एप्रिलला सत्र सुरू करून मे महिन्यात सुटी देण्याची कल्पना २०२५ मध्ये राज्यात चर्चेत आली. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीपासून आखाजीपर्यंत धरले जाते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि त्याच दिवसांत सालदाराचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी हलते. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा त्याची मुले नव्या गावी स्थिरावलेली असतात. एप्रिलचे सत्र त्यांना महिनाभरातच शाळा बदलायला लावील.

दिवस वाढवणाऱ्या शाळांमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कर्डेलवाडीची आणि नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळीची या दोन जिल्हा परिषद शाळा विशेष गाजल्या. कर्डेलवाडीला सकट या शिक्षक दांपत्याने, तर हिवाळीला केशव गावित यांनी वर्षातील सर्व दिवस शाळा चालवली. हिवाळीची मुले दोन्ही हातांनी लिहितात, मोठमोठे पाढे म्हणतात, आणि ते पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. या यशाचे श्रेय केवळ वेळापत्रकाला देणे योग्य ठरणार नाही. दोन्ही ठिकाणी पटसंख्या लहान, गाव पाठीशी आणि शिक्षक स्वेच्छेने राबणारे आहेत. हुकूम काढून या तिन्ही गोष्टी निर्माण होत नाहीत.

हुकुमाची खरी अडचण सेवाशर्तींत आहे. शिक्षक हे दीर्घ सुटी मिळणाऱ्या विभागाचे कर्मचारी गणले जातात, म्हणून इतर शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे त्यांना पूर्ण अर्जित रजा मिळत नाही. शासकीय कामासाठी सुटी उपभोगता आली नाही, तरच त्या प्रमाणात ती खात्यावर जमा होते. सुटी काढून घेतल्यास अर्जित रजा द्यावी लागते, आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे रोखीकरण करावे लागत असल्याने तो बोजा तिजोरीवर येतो. जनगणना, मतदारयाद्या आणि निवडणुका यांत शिक्षकांचे बरेच दिवस आधीच जातात, हेही विसरता येत नाही.

बारमाही शाळेचा एक लाभ गुणपत्रिकेत दिसत नाही, तो दुपारच्या जेवणाचा. शाळा बंद झाली की पोषण आहारही थांबतो. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही मुलांना मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला, तेव्हा शाळा आणि वर्ग या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या : शिकवणे थांबले तरी शाळेची चूल पेटती राहू शकते. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी सकाळी सात ते दहा उजळणीचे वर्ग घेऊन शेवटी जेवण देणे या आदेशाच्या चौकटीशी सुसंगत आहे, आणि त्यासाठी साऱ्या राज्याचे वेळापत्रक उलथवावे लागत नाही.

वेळापत्रक राज्यभर एकच असले पाहिजे, असेही बंधन नाही. हिमाचल प्रदेशात उन्हाळी सुटीच्या व हिवाळी सुटीच्या शाळा वेगळ्या आहेत, आणि महाराष्ट्रातच विदर्भातील शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा आठवडाभर किंवा त्याहून उशिरा उघडतात. उष्णतेत जळगाव जिल्हा अकोल्याच्या फारसा मागे नसूनही तो नाशिक विभागात मोडतो, म्हणून त्याच्या शाळा महाबळेश्वरच्या शाळांबरोबर जूनच्या मध्यास उघडतात.