ताबा मुलाचा, ताबा जमिनीचा

पोटगी हा शब्द सरळ पोटावरून आला. ताबा मात्र आपण शेताला, घराला, गहाणाला लावतो तोच. विभक्त झालेल्या आईबापांमधला वाद आपण ज्या दोन शब्दांत मांडतो, त्यांतला एक भुकेचा आणि दुसरा मालकीचा आहे. मुलांविषयीचा आपला कायदाही बराच काळ या दोन खात्यांत वेगवेगळा लिहिला गेला. मालकीचे खाते बापाच्या नावावर राहिले आणि रोजच्या भुकेचा भार आईच्या माथ्यावर.

आमच्या गडहिंग्लजच्या टापूत, कष्टकरी जातींमध्ये, काडीमोड आणि पाट हे जुनेच. बाई दुसरे घर करू शके. पण पहिल्या नवऱ्याचे मूल सहसा त्याच्या भावकीत राही. इंग्रजी मुलखात या रीतीला कायद्याचाही आधार मिळाला. १८५६ च्या ज्या विधवाविवाहाच्या कायद्याचे आपण कौतुक करतो, त्याचे तिसरे कलम फारसे कोणी वाचत नाही. विधवेने पुनर्विवाह केला आणि मृत नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसला, तर त्याचे आईबाप, आजा-आजी किंवा कोणीही पुरुष नातलग ‘मुलांना दुसरा पालक नेमा’ म्हणून कोर्टात जाऊ शकत होता. मात्र त्याच कलमाला एक पुरवणी आहे. मुलांच्या नावावर पुरेशी मिळकत नसेल, तर आईच्या संमतीवाचून पालक नेमायचा नाही. नेमायचाच असेल तर त्या इसमाने मुलांच्या पोषणाचा आणि शिक्षणाचा जामीन आधी द्यायचा. हा कायदा विधवांचा, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा नव्हे, हे खरे. तरीही ‘पोर हवे असेल तर आधी त्याच्या पोटाची हमी दे’ इतके रोखठोक कलम मला पुढच्या कायद्यांत आढळले नाही.

गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत इथे करवीर दरबारचे कायदे चालत. राजर्षी शाहूंनी १९१९ मध्ये काडीमोडीचा आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास आळा घालणारा, असे कायदे केले. १९२० मध्ये अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारशाचा प्रश्न कायद्यात घेतला. हिंदू स्त्रियांना घटस्फोट देणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४७ चा. यावरून शाहूंची घाई लक्षात यावी.

जोगतिणींचा उल्लेख आमच्याकडे टाळता येत नाही. सौंदत्तीची यल्लम्मा इथून लांब नाही आणि तिला वाहिलेल्या मुली या तालुक्यातही होत्या. त्यांच्या मुलांबाबत ताब्याचा वाद कधी निघाला नाही, कारण दावा सांगायला बाप पुढे येतच नव्हता. कायदा मात्र त्यांना अगदीच विसरला नव्हता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमात औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांना बापाकडून पोटगी मागण्याची सोय होती. पण बाप कोण हे सिद्ध करायचे कोणी, आणि गावच्या पुढाऱ्याच्या तोंडावर? १९७५ साली महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. ती केवळ एका रूढीविरुद्ध होती असे मला वाटत नाही. बापाविना वाढलेल्या लेकरांच्या पोटाचा हिशेबही तिच्यामागे होता.

१८३९ पर्यंत इंग्लंडातही विभक्त बाईला आपल्या पोरावर हक्क नव्हता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले नवऱ्याने हिरावून नेली, तिने चळवळ केली, आणि सात वर्षांखालील मुलासाठी आईला अर्ज करण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने बाप जिवंत आणि लायक असताना दुसरा पालक नेमायला कोर्टाला मनाईच केली. तरी १९४१ साली छापून आलेल्या सरस्वतीबाई वेद यांच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने लहान मुलाचे हित सर्वांच्या वर धरले, आणि आई लायक असेल तर तिच्या जागी दुसरे कोणी चालत नाही असे ठरवले.

१९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल ‘सामान्यतः’ आईकडे ठेवले. पण नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. मूल अनौरस असेल तर मात्र आधी आई. म्हणजे लग्न न झालेल्या आईला जो मान दिला, तो लग्नाच्या आईला नाकारला!

या ‘त्याच्यानंतर’ला पहिले खिंडार पाडले ते विदर्भातल्या एका शेताने. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या नावाने तो खटला ओळखला जातो. वाद कूळकायद्याचा. जमीन अल्पवयीन मुलीची आणि व्यवहार पाहत होती तिची आई. बाप जिवंत होता, पण कित्येक वर्षे वेगळा राहत होता आणि मुलीकडे ढुंकून पाहत नव्हता. आईने केलेला व्यवहार चालतो का? सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये सांगितले, की असा बाप नसल्यासारखाच धरावा आणि आईलाच नैसर्गिक पालक मानावे. पोराच्या ताब्याचा कायदा जमिनीच्या ताब्याच्या भांडणात सुधारला, यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलासाठी रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले तेव्हा बापाची सही मागण्यात आली. त्या लढल्या, आणि १९९९ मध्ये कोर्टाने ‘त्याच्यानंतर’चा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. ती अनुपस्थिती मरणाचीच असावी असे नाही. बापाने अंग काढून घेतले तरी ती धरली जाते.

पोटाचे खाते याहून सावकाश हलले. ४८८ व्या कलमात पोटगीची कमाल मर्यादा महिना ५० रुपये होती. १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेने १२५ वे कलम आणले, पण ५०० चा आकडा तसाच ठेवला. तो निघाला २००१ मध्ये. शेहेचाळीस वर्षांत ज्वारी, दूध, वह्या, डॉक्टर यांचे भाव कुठे गेले ते सांगायला नको. १ जुलै २०२४ पासून तेच कलम नव्या संहितेत १४४ क्रमांकाने आले आहे.

हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. थकलेल्या पोटगीसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मग वॉरंट, आणि तरीही भरले नाही तर एका थकलेल्या महिन्याला एक महिन्यापर्यंत कैद. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही बाजूंनी मालमत्तेचे आणि मिळकतीचे प्रतिज्ञापत्र देणे सक्तीचे केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असे सांगितले. पगारदाराच्या बाबतीत हे चालते, पगाराची पावती बोलते. शेतकऱ्याच्या घरात सातबारा आजोबांच्या नावावर असतो, उसाचे बिल थोरल्या भावाच्या खात्यावर जमा होते, आणि प्रतिज्ञापत्रात बाप लिहितो : मिळकत नाही, शेतमजुरी करतो. ताबा मागायच्या वेळी तोच बाप वडिलोपार्जित पाच एकर बागायतीचा दाखला देतो.